नागपूरचे गायतोंडे आणि मुंबईचा समुद्र

आम्हा नागपूरकरांना समुद्र पाहायचा तर एक रात्र रेल्वेत काढावी लागते. एरवी आमची धाव अंबाझरी, नाहीतर फुटाळा तलावापर्यंत. म्हणूनच समुद्राशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते चित्रकार वासुदेव गायतोंडे २ नोव्हेंबर १९२४ रोजी याच नागपुरात जन्मले, हे निवृत्तीनंतर कळले तेव्हा मी थक्क झालो. इतवारीच्या सराफ्यात बँकेची नोकरी करताना हे नाव कधी कानावरही आले नव्हते.

गायतोंडे कुटुंब मूळचे गोव्याचे. पुढे ते मुंबईत गिरगावातील चाळीत राहिले. १९४८ मध्ये वासुदेवांनी जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका घेतली. आरंभीच्या त्यांच्या चित्रांवर बसोली आणि जैन लघुचित्रांचा प्रभाव होता. आपल्या ग्रंथभांडारांतील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ते सपाट, तेजस्वी रंग आणि ती ठाम रेषा आठवेल. पुढे मानवाकृती गळत गेल्या, रेषा विरल्या आणि उरला तो केवळ रंग व प्रकाश.

या बदलाच्या काळात ते वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत. वास्तू अगदी समुद्रालगत होती आणि गायतोंडे तासन्‌तास समुद्राकडे पाहत बसत. गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम तेथे गेलो. ती वास्तू आता नाही. सात बेटांची ही नगरी भरावाने केव्हाच एक झाली. पण खडकांवर येणारे पाणी तेच आहे. भरती ओसरताना पाणी, धुके आणि आकाश यांच्या सीमा पुसल्या गेल्या, आणि आदल्या दिवशी चित्रदालनात पाहिलेले त्यांचे चित्र मला तेव्हा कुठे थोडेसे उमगले. ते समुद्राचे चित्र नव्हते. समुद्रासमोर शांत झालेल्या मनाचे होते. स्वतः गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणू देत नसत. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असे त्यांचे म्हणणे. रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, काही उतरवायचे आणि मग थांबायचे, अशी त्यांची रीत. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे होत.

आयुष्यभर मी तारणाचे मूल्यांकन केले, त्यामुळे आकड्यांचा मोह सुटत नाही. त्यांच्या एका चित्राला २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३ कोटींहून अधिक, तर २०२५ मध्ये दुसऱ्या एका चित्राला ६७ कोटींहून अधिक रुपये मिळाले. हे पाहायला चित्रकार मात्र नव्हते. १९७१ मध्ये पद्मश्री मिळालेला हा अविवाहित माणूस दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या छोट्या घरात मोजक्या सामानानिशी राहिला आणि २००१ मध्ये गेला. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले.

आपल्यापैकी अनेकांचे व्यापारानिमित्त मुंबईला जाणे होते. पुढच्या खेपेस अर्धा तास काढून त्यांचे एखादे चित्र पाहावे. किंमत विचारू नये, नुसते बसावे. आणि सोबत मुले असतील तर त्यांना एवढे जरूर सांगावे, की हा माणूस आपल्या नागपुरात जन्मला होता.