पास्काच्या रात्रीचे पाणी

प्रवरेच्या उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ज्याचा जन्म झाला, त्याला वर्षाचे ऋतू पंचांगाच्या आधी पाटावरून कळतात. आणि आम्हां देवळाली प्रवरा येथील कॅथलिक कुटुंबांना तर उपवासकाळाचे चाळीस दिवस, साखर कारखान्याच्या गाळपाचे अखेरचे दिवस आणि उन्हाळी आवर्तनाच्या प्रतीक्षेचे दिवस एकमेकांत इतके मिसळून गेलेले दिसतात, की त्यांतील एकाविषयी बोलू लागावे आणि दुसऱ्याने मध्येच उठून उभे राहावे. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चबाहेर यावे, तो हवेत कोठेतरी जळत्या पाचटाचा वास असावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने पाचट न जाळता शेतातच कुजविण्याचा उपदेश कितीही केला, तरी तो वास अद्याप पुरता गेलेला नाही. पुढे झावळ्यांचा रविवार येईतो विहिरी तळाला लागतात, ऊसतोडणी कामगार आपले बिऱ्हाड गाड्यांवर चढवून गावाकडे परततात, आणि भंडारदऱ्याच्या धरणातून पाणी केव्हा सुटणार याखेरीज कोणाच्या तोंडी दुसरा विषय उरत नाही.

माझ्या वडिलांच्या बालपणी पास्काजागरण हे नावापुरतेच जागरण होते. पवित्र शनिवारी भल्या सकाळी, उन्हे वर आलेली असताना, मूठभर भाविकांच्या उपस्थितीत तो सारा विधी लॅटिन भाषेत पार पडे, आणि प्रकाशाचे स्तोत्र लख्ख उजेडात गायिले जाई. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली प्रयोगादाखल आणि १९५६ पासून नियमाने हा विधी रात्रीच्या स्वाधीन केला; पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो आमच्या मराठीत आला. वडील म्हणत, आधी आम्हांला अंधार मिळाला आणि मग शब्द मिळाले. त्या दोहोंमध्ये अधिक मोलाचे कोणते, हे त्यांनी कधी सांगितले नाही. परंतु मला स्वतःला अंधाराचे मोल अधिक वाटते, कारण ज्या रात्री दिवे मालवून सबंध धर्मग्राम आवारात उभा राहतो आणि चकमकीच्या ठिणगीतून नवा अग्नी पेटण्याची वाट पाहतो, त्या रात्री आशा ही बोलण्याची गोष्ट राहत नाही.

यंदा त्या रात्री माझ्या पुतण्याच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा होता, आणि तिचा धर्मपिता म्हणून मी अग्नीच्या अगदी जवळ उभा होतो. फादरांनी उंच मेणबत्तीवर क्रूस कोरला, त्याभोवती चालू वर्षाचे चार अंक कोरले, धूपाचे पाच मणी पाच जखमांच्या स्मरणार्थ खोवले, आणि मग ती एक ज्योत ओळीओळीने हातांहातांतून पसरत गेली. गुरुवारपासून मुकी असलेली घंटा गौरवगीताच्या वेळी वाजली, तेव्हा पेटी-मृदंगाच्या घोषात कोणाचा कंठ दाटला आणि कोणाचा मोकळा झाला हे कळू नये, अशी सर्वांची अवस्था होती. हे सारे जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये त्या रात्री होत असते. मला जे सांगावयाचे आहे, ते यानंतरचे आहे.

घंटेआधीच्या वाचनांत तांबड्या समुद्राची कथा येऊन गेली होती, तहानलेल्यांनी पैशावाचून पाण्यापाशी यावे हे यशयाचे आवाहन येऊन गेले होते, आणि आता वेदीपुढे ठेवलेल्या तांब्याच्या घंगाळातील पाण्याला आशीर्वाद देण्याची वेळ झाली. ते पाणी आवारालगतच्या विहिरीतून शेंदलेले होते, आणि त्या विहिरीला पाझर आहे तो पाटाचाच. फादरांनी पास्काची मेणबत्ती त्यात बुडविली, त्या क्षणी मला माझ्या आजीचे स्मरण झाले. आमचे पूर्वज महारवाड्यातले. गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन दूर उभे राहावे, कोणा दयावंताने वरून पाणी ओतावे, आणि तेही शिंतोडा उडणार नाही अशा अंतराने, ही तिच्या तरुणपणाची रीत होती. आणि ती सांगताना तिच्या स्वरात तक्रार नसे, तेच मला अधिक असह्य होई.

१८७८च्या सुमारास, थोरल्या दुष्काळाच्या पाठोपाठ, जर्मनभाषक जेझुइट धर्मगुरू याच राहुरी तालुक्यातील केंदळ गावी आले आणि नगर जिल्ह्यातील कॅथलिक मिशनाचा पाया घातला गेला. आमच्या लोकांनी धान्यासाठी धर्म घेतला, असे आजवर पुष्कळांनी म्हटले आहे. त्या निर्णयात भुकेचा वाटा नव्हता असे मी म्हणणार नाही. उपाशी माणसाने अन्न देणाऱ्या हाताकडे पाहू नये, असा आग्रह धरण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्यांना नाही. परंतु ज्यांचा स्पर्श पाण्याला विटाळतो असे मानले गेले, त्यांच्याच मस्तकावर कोणी भर सभेत पाणी ओतावे आणि ते पवित्र म्हणावे, या घटनेचा अर्थ धान्याच्या हिशेबात मावत नाही. हेही खरे, की बाप्तिस्म्याने गावची विहीर आम्हांला खुली झाली नाही. ते कार्य २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आरंभिले, आणि संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी व तळी यांचा नावानिशी उल्लेख झाला, तेव्हा त्याला कायद्याचे बळ लाभले. माझ्या मनात पास्काचे पाणी आणि महाडचे पाणी वेगळी राहिलेली नाहीत, आणि ती वेगळी असावीत असे मला वाटतही नाही.

मुलीच्या टाळूवर पाणी पडताच ती सर्व सामर्थ्यानिशी रडली. मग फादरांनी कडुलिंबाची कोवळी पालवी फुटलेली डहाळी घंगाळात भिजवून चर्चभर पाणी शिंपडले. दाराशी कौतुकाने उभ्या असलेल्या शेजारपाजाऱ्यांवरही ते उडाले, आणि कोणीही मागे सरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुतण्याबरोबर त्याच्या शेतावर गेलो. फेब्रुवारीत तुटून गेलेल्या उसाचा तेथे खोडवा राखलेला आहे. बाहेरच्या माणसाला वाटेल, की तोडलेल्या खोडाला आपोआप फुटवे येतात. परंतु तोडणीनंतर राहिलेले बुडखे पुन्हा एकदा जमिनीलगत छाटावे लागतात, तेव्हाच मातीखालचे डोळे जोराने फुटतात, आणि जेथे फुटत नाहीत तेथे नांग्या भराव्या लागतात. प्रभूने मातीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा दाखला दिला. तो आमच्या प्रवराकाठी जन्मता, तर खोडव्याचाच देता. त्या छाटलेल्या बुडख्यांतून वर आलेले हिरवे कोंब मी बराच वेळ पाहत राहिलो. ते पाहताना मनात आलेल्या आनंदात माझे दिवंगत वडीलही होते, हे मी येथे नमूद करतो.

नेमकी त्याच दुपारी आमची शेजपाळी आली. पाटकरी सांगून गेला, चारीला पाणी सुटले, आणि घरात पंगत बसायच्या वेळी पुतण्या फावडे घेऊन निघाला. पाळी चुकली तर खोडव्याला पुढच्या आवर्तनापर्यंत थेंब नाही, हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे त्याला कोणी अडविले नाही. इतक्यात त्याच चारीवरचा आमचा बांधभाऊ, एक मराठा शेतकरी, अंगणात येऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "तात्या, आज तुमचा सण हाये. दारं मी धरतो. पोरीच्या बापाला घरी बसू द्या."

वहिनींनी त्याला जेवून जाण्याचा आग्रह केला, परंतु पाणी थांबणारे नव्हते. तेव्हा त्यांनी पुरणपोळ्या आणि मटणाचा रस्सा डब्यात भरला, आणि तो बांधावर पोचविण्यासाठी अखेर पुतण्याच निघाला. तो परतला तेव्हा दिवस मावळला होता; दोघे तेथेच एका डब्यात जेवले आणि उरलेल्या सऱ्या दोघांनी मिळून भिजविल्या.