किल्ल्यांचा जुडगा

पांडवलेणीच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात आपल्यापैकी अनेकजण नातवंडांना घेऊन जाऊन आले असतील. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेबांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. माझ्यासारख्या डॉक्टराचे लक्ष मात्र त्यांच्या चरित्रातील एका आजारपणाकडे जाते. चित्रपटाच्या ध्यासापायी त्यांनी विश्रांती सोडली, सतत चित्रपट पाहिले, प्रयोग केले आणि काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. पुढे विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

या कथेतील सरस्वतीबाईंचा भाग आपण घाईने सांगून टाकतो. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडेला छिद्रे पाडावी लागत आणि तेही अंधारात. सरस्वतीबाई ते शिकल्या, रसायने मिसळायला शिकल्या, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच. त्यांनी दागिने दिले याचे कौतुक होते. मला अधिक मोलाचे वाटते ते हे, की दादासाहेबांनी आपली विद्या घरातल्या माणसाच्या हाती दिली. (भागीदारांशी मात्र त्यांचे जमले नाही. नाशिकात १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली आणि थोड्याच काळात ते रुसून काशीला निघून गेले!)

दवाखाना हाही एक लहानसा उद्योगच असतो, हे मला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी मला कावीळ झाली आणि दवाखाना पाच आठवडे बंद राहिला. रुग्णांची माहिती माझ्या डोक्यात. कागदावर होते ते माझेच अक्षर, जे कोणालाच वाचता येत नसे. पंचवटीतील पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका मधुमेही आजोबांच्या गोळ्या त्या काळात संपल्या. ‘डॉक्टर आले की बघू,’ म्हणून ते थांबले. पायाची जखम चिघळली आणि एक बोट काढावे लागले. माझ्या कंपाउंडरना मी वीस वर्षांत साधी यादी करायला शिकवली असती, तर ते बोट कदाचित वाचले असते.

आता प्रत्येक रुग्णाचे सुवाच्य कार्ड आहे आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एक तरुण डॉक्टर माझ्या खुर्चीत बसते. पहिल्या संध्याकाळी मी तिला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिने तो उचललाच नाही, आणि तिचे बरोबरच होते.

वाचकहो, तुमच्याही उशाखाली दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा असेल, तर प्रकृती चांगली असतानाच त्यातली एक किल्ली काढून द्या आणि ते काम बाजूला बसून शिकवा. काळजी घेणाऱ्यांनो, तुम्ही जुडगा हिसकावू नका; ‘बाबा, उधारीची वही कशी लिहिता, दाखवा ना,’ एवढेच म्हणून पाहा.

गिरणीवाल्या आजोबांनी सूनबाईंना वही दाखवायला दोन वर्षे घेतली. परवा दोघे तपासणीला आले होते. साखरेचे आकडे सूनबाईंनी वाचून दाखवले, तेव्हा आजोबा मला म्हणाले, “अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे तिचं.”