तुंब्यातली धूळ

विळ्या-भोपळ्याचं सख्य किती, हे आपल्या भाषेनं फार पूर्वीच ओळखलं. भोपळ्याचं आणि माणसाच्या छातीचं सख्यही तेवढंच, हे मात्र कुठल्या म्हणीत आलं नाही. भोपळा बिचारा निरुपद्रवी म्हणूनच आपल्याला ठाऊक! पाठीला वाळका भोपळा बांधून कितीतरी पोरं विहिरीत पोहायला शिकली. वारकऱ्याच्या वीणेला, फकिराच्या एकतारीला तोच. गवयामागच्या तंबोऱ्यालाही तोच.

आम्हां बेळगावकडच्या लोकांना तंबोरा म्हटलं की मिरज आठवते. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तिथं वाद्यांना हात घातला आणि पुढं तेच सतारमेकर झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठचे. त्या गल्लीत मी पुष्कळदा रेंगाळलो आहे. भोपळ्याचं तोंड कापतात, पाण्यात चांगला भिजत घालतात, मग आतला गर, बिया, पापुद्रे ओलेपणीच खरवडून काढतात. नरम पडलेल्या कवचात काटक्यांचे ताण देऊन त्याला हवा तसा फुगवतात आणि वाळवतात. एका वृद्ध कारागिरांना मी विचारलं होतं, "चाचा, इतकं भिजवायचं कशाला?"

"न भिजवता फाकवला तर फुटतो की ओ."

कारण एवढंच. छातीचा विषय त्यांनी काढला नाही. पण ओल्या भोपळ्याची धूळ उडत नाही, हा फायदा त्या पाण्यानं पिढ्यान्‌पिढ्या फुकट दिला, असं मला वाटतं.

हे सुचलं आमच्या शेजारच्या वैनींमुळं. हल्ली वाळक्या भोपळ्यांचे दिवे, फुलदाण्या करायची हौस घरोघरी शिरली आहे. भोपळ्याला बारीक भोकं पाडून आत दिवा ठेवला की भिंतीवर जी नक्षी उमटते, ती खरोखर पाहत राहावी अशी. वैनींचे दिवे तर नात्यागोत्यात वाटले जायचे. दुपारी कामं आटोपली की काचा लावलेल्या बाल्कनीत पंखा सोडून त्या बसायच्या, कोरडा भोपळा फोडायच्या, आतून सॅंडपेपर मारायच्या. तोंडाला पदर.

मग संध्याकाळी अंगात कसकस, कोरडा खोकला, दोन जिने चढले की धाप. दोन दिवसांत उतरायचं. पुन्हा भोपळा घेतला की पुन्हा तेच. सर्दी-तापाची औषधं तीनदा झाली. चौथ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "मध्याह्न एन्‌ माडतीरि?" दुपारी काय करता? प्रश्न साधा, पण सगळा उलगडा त्यातच होता.

भोपळा महिनोन्‌महिने वाळतो तेव्हा त्याच्या सालीवर बुरशीचे काळे-पांढरे डाग पडतात. आतल्या सुकल्या गरातही बुरशी असू शकते. कोरडा भोपळा खरवडला की त्या बुरशीची बीजं आणि पापुद्र्याचा भुगा श्वासाबरोबर खोल उतरतो. कडू जातीचा असेल तर घशात कडवटपणाही जाणवतो. तीच पहिली सूचना समजावी. काहींची फुप्फुसं या धुळीवर चवताळतात, आणि तीही लगेच नव्हे, चार-आठ तासांनी. म्हणून दुपारच्या कामाचा आणि रात्रीच्या तापाचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. बुरसटलेलं गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांना होतो तोच हा विकार. वेळीच धूळ थांबली तर माणूस सावरतो. वर्षानुवर्षं चालू राहिली तर फुप्फुसावर वण पडतात आणि ते जात नाहीत.

वैनींना छंद सोडायचा नव्हता, आणि तो सोडायला लावणं मलाही पटलं नसतं. त्यांनी मिरजेची रीत उचलली. आता साल साबणाच्या पाण्यात बुडवून तारेच्या घासणीनं ओलीच घासतात. तोंड कापलं की आत पाणी भरून रात्रभर ठेवतात, सकाळी चमच्यानं गर काढतात, आणि तो वाळायच्या आत मातीत पुरतात. कापणं आणि भोकं पाडणं कोरडंच करावं लागतं, कारण विजेचं यंत्र आणि पाणी एकत्र आणणं म्हणजे दुसरंच संकट. ते काम गच्चीवर, वारा पाठीशी घेऊन, आणि तोंडावर एन-९५. २०२० नंतर हा मास्क घराघरांत ओळखीचा झाला आहे. नाकाच्या कडेनं फट राहिली तर मात्र त्याचा उपयोग नाही, आणि दाढीवाल्यांना तो नीट बसतच नाही. पदर, रुमाल यांनी घाम पुसावा, बारीक धूळ त्यातून खुशाल पार होते. नंतर केरसुणी फिरवायची नाही, ओलं फडकं फिरवायचं. कपडे तिथंच बदलायचे.

पॉलिशची गोष्ट निराळी. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात, त्याची वाफ एन-९५ अडवत नाही. तिला कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो, निदान मोकळी हवा तरी, आणि जवळपास पेटती पणती नको. दिवाळीच्या गडबडीत हे शेवटचं आधी विसरतं.

परवा गच्चीवर गेलो तर यंदाचे तीन भोपळे बादल्यांत घातलेले. प्रत्येकावर दगड. भोपळा बुडायला तयार नसतो, त्यामुळं तासातासानं जाऊन तो पुन्हा दाबावा लागतो, ही वैनींची तक्रार.