लेहच्या वाटेवरचे ओरखडे

मनालीहून लेहकडे जाणारा मार्ग ४०० किलोमीटरहून अधिक लांबीचा असून वर्षातील काही महिनेच तो खुला असतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि रोहतांग खिंडीचा चढ टळला. तरीही पुढे बारालाचा, नकी, लाचुंग आणि टांगलांग या खिंडी ओलांडाव्याच लागतात. टांगलांग ला तर ५,००० मीटरहून उंच आहे. उन्हाळ्यात महाराष्ट्रातील अनेक तरुण मोटारसायकलवरून या वाटेला लागतात. गाडीच्या दोन्ही अंगांना कडक प्लास्टिकच्या पेट्या असतात. त्यांत लोकरीचे कपडे, औषधे आणि घरून बांधून दिलेले खाखरे.

पुण्याच्या एका व्यापारी कुटुंबातील तरुणही असाच निघाला. पेट्या मात्र त्याच्या नव्हत्या, आतेभावाकडून उसन्या आणलेल्या होत्या. झिंगझिंगबारजवळ रस्त्यावरून नाले वाहतात. सकाळी पाणी कमी असते. दुपारी ऊन चढून बर्फ वितळले की ते वाढते. तो दुपारी पोहोचला. पाण्यातील गोट्यावरून चाक घसरले आणि गाडी उजवीकडे कलंडली. पेटी आधी टेकल्यामुळे पाय गाडीखाली सापडला नाही. पेटीवर मात्र खोल ओरखडे उमटले.

घरी परतताच त्याने नाना पेठ गाठली. नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ आज वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एक वयोवृद्ध दुकानदार त्याच्या वडिलांच्या परिचयाचे होते.

“बाळ, आधी पेटी उघड आणि आत काय छापले आहे ते वाच,” ते म्हणाले.

झाकणाच्या आत ‘एबीएस’ आणि तळाच्या भागात ‘पीपी’ अशी अक्षरे होती. दोन्ही प्लास्टिकच, परंतु उपचार निरनिराळे. झाकण गुळगुळीत व रंगवलेले होते. ते साबणाच्या पाण्याने धुऊन, ८०० नंबरच्या पाणकागदापासून आरंभ करून २००० नंबरपर्यंत ओले घासले गेले. खोल चर एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेल्या लगद्याने भरले. लगदा पूर्ण वाळल्यावर पुन्हा घासून वर प्रायमर आणि रंग चढवला. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ॲसिटोन त्याला विरघळवत नाही आणि साधा रंगही त्यावर टिकत नाही. शिवाय तो भाग खरबरीत पोताचा; घासला तर पोत जाऊन चकाकणारा डाग उरतो. म्हणून उठलेले कुसळ पात्याने अलगद कापले आणि हीटगनची उष्ण हवा दुरून, एका जागी न थांबता फिरवली. पांढरट रेघा काळ्या झाल्या. उष्णता जास्त झाली असती, तर पेटी वाकडी होऊन झाकण बसले नसते.

तेवढ्यात दुकानदारांचे बोट थांबले. पेटी गाडीच्या चौकटीत अडकते त्या खाचेपाशी केसाएवढा तडा होता.

“काका, यावर काळा रंग फिरवला तर दादाला कळणारही नाही,” तरुण हळूच म्हणाला.

“कळणार नाही, म्हणूनच सांगितले पाहिजे. ओरखडा रूप बिघडवतो, तडा भार सोडतो. उद्या हीच पेटी भरून तो घाट उतरेल. मागून कुणी येत असेल त्याचाही विचार कर.”

तरुण काही वेळ गप्प राहिला. मग दुकानातूनच त्याने आतेभावाला फोन लावला आणि नाल्यातील पडण्यापासून खाचेतील तड्यापर्यंत सारे सांगितले. पलीकडून पहिला प्रश्न आला तो पेटीविषयी नव्हता. पायाला लागले का, एवढेच दादाने विचारले.

तळाचा नवा भाग तरुणाने स्वतःच्या पैशांनी मागवला. दुरुस्त झाकण त्यावर बसले आणि पेटी मालकाकडे परत गेली. तडकलेला भाग दुकानातच राहिला. त्यात आता नटबोल्ट ठेवतात.