निकाहचे फोटो आणि कॅमेऱ्याचा हिशेब

पुतणीच्या निकाहसाठी फोटोग्राफर मिरजेतलाच ठरवला, आमचा जुना विद्यार्थी. त्याने 25 हजार सांगितले. आम्ही सवयीने म्हणालो, "बटणच तर दाबायचंय, 15 मध्ये कर."

तो हसला आणि वही काढली. कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, कार्डं मिळून तीन लाख. "सर, शटर साधारण दोन लाख क्लिकला दमतं. एका लग्नात दोन हजार क्लिक. म्हणजे शंभर लग्नं. मोहरम-रमजानात तारखा नसतात, वर्षाला पंचवीसच होतात. चार वर्षांनी नवं सामान घ्यायचं तर प्रत्येक लग्नामागं तीन हजार बाजूला ठेवायला हवेत." मदतनीस, अल्बमची छपाई आणि एडिटिंगच्या रात्री वेगळ्या. (आम्ही भाषा शिकवतो, त्यामुळे या भागाकाराचे श्रेय आमचे नाही.)

मिरजेच्या सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतार घेताना भोपळा, लाकूड, कारागिराची हत्यारे किमतीत धरलेली असणार, हे आपल्याला पटते. कॅमेरा मात्र फुकट आल्यासारखे आपण बोलतो.

मागे नातेवाइकांची अशीच स्वस्तातली कामे करताना त्याचा कॅमेरा बंद पडला होता. अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवून नवा घेतला. हे त्याने शेवटी, खाली बघत सांगितले.

भावाने वलीम्याची एक देग कमी केली. 25 ठरले. दहा हजार तिथेच आगाऊ दिले.