आधी उतरायची वाट

एकट्यानं लांब चालायला निघायचं म्हटलं की तयारीची सुरुवात बहुतेक वेळा सॅकपासून होते. सॅक किती लिटरची, स्लीपिंग बॅग किती ग्रॅमची, तंबू न्यावा की नुसत्या मॅटवर देवळात पडावं, यावर भटकी मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. या गोष्टी बिनमहत्त्वाच्या आहेत असं नाही. दहा किलो आणि पंधरा किलो यांतला फरक तिसऱ्या दिवशी गुडघे बरोबर सांगतात, आणि भरलेली सॅक पाठीवर घेऊन आधी दोन-चार रविवार सिंहगड चढणं हा त्यावरचा जुना, स्वस्त उपाय आहे. पण हे सगळं सोपं काम झालं. वस्तू विकत मिळतात, वजन काट्यावर कळतं. अवघड काम वेगळं आहे, आणि ते टाळलं जातं, कारण ते करताना जाण्याचा उत्साह थोडा उतरतो. एकट्याच्या आखणीत सर्वांत आधी वाट कुठे सोडायची हे ठरावं, आणि कुठे पोचायचं हे त्यानंतर, असं माझं मत आहे. प्रत्येक टप्प्यावर खाली उतरायची वाट कोणती, ती किती वाजेपर्यंत उपयोगाची, आणि कोणत्या जागेनंतर ती उरतच नाही, हे घरी बसून कागदावर लिहिलेलं नसेल तर बाकीची तयारी म्हणजे नुसतं सामान.

असं का, हे समजायला ग्रुपकडे बघावं लागतं. पाच-सहा जण निघाले की त्यांत एक जण हटकून कुरकुरणारा असतो. त्याचा पाय दुखतो, त्याला पाणी पुरत नाही, तो दर अर्ध्या तासानं ‘अजून किती?’ विचारतो. त्याची टिंगल होते, पण ग्रुप अनेकदा सुरक्षित राहतो तो त्याच्यामुळे. त्याच्यासाठी थांबावं लागतं, थांबलं की कुणीतरी घड्याळ बघतं, घड्याळ बघितलं की वाद होतो आणि वादातून कधीकधी शहाणपणाचा निर्णय निघतो. एकट्याच्या डोक्यात असा विरोधी पक्ष नसतो. दुपारी दोन वाजता, पाणी संपत आलेलं, सकाळपासून चढ चढलेला, अशा अवस्थेत ‘इतकं आलोच आहोत तर’ हे वाक्य मनात आलं की त्याला अडवणारं कुणी नाही. मागे फिरायचं म्हणजे केलेले कष्ट वाया, हा हिशेब दमलेल्या माणसाला फार पटतो. म्हणून विरोधी मत आदल्या आठवड्यात, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना लिहून ठेवायचं आणि वाटेवर ते नुसतं पाळायचं. लांबच्या चालीत निर्णय घेण्याची ताकद पायांच्या आधी संपते.

उदाहरणाला राजगड–तोरणा–रायगड घेऊ. सह्याद्रीत लांब चालण्याची हौस असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत ही वाट असते. गुंजवण्यातून राजगड, संजीवनी माचीच्या बाजूनं उतरून धार धरायची, मधली खिंड ओलांडून बुधला माचीवरून तोरण्यावर. तोरण्याहून भट्टीला उतरायचं, मग पठारावरून मोहरी-सिंगापूर, तिथून सिंगापूरच्या किंवा बोराट्याच्या नाळेनं कोकणात आणि शेवटी रायगडाचा चढ. तोरणा १४०३ मीटर आणि कोकणातली गावं दीड-दोनशे मीटरवर. नकाशावर ही एक सलग रेघ दिसते, पण सुटकेच्या दृष्टीनं पाहिलं तर तिचे तुकडे अगदी वेगवेगळ्या जातीचे आहेत. राजगड आणि तोरणा यांच्या मधल्या खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तिथे मन बदललं तर काहीच बिघडत नाही. तोरण्यावरून वेल्ह्याला मळलेली वाट आहे. भट्टीला रस्ता आहे. मोहरीपर्यंत आता गाडीरस्ता पोचला आहे, पण गाडी बोलवावी लागते. आणि नाळेत शिरल्यावर काहीच नाही. वर जाणं किंवा खाली जाणं, दोनच दिशा, दोन्हीकडे कातळाच्या भिंती. म्हणजे या अख्ख्या प्रवासाचा खरा निर्णय एकाच ठिकाणी आहे: नाळेच्या तोंडाशी. रायगडाचं दर्शन, राजगडाची संध्याकाळ हे सगळं मनात असू द्यावं, पण आखणीचा सर्वांत जास्त वेळ मोहरीच्या दुपारवर गेला पाहिजे.

त्या दुपारी वेळ किती उरेल, हे काढायला नेस्मिथचा नियम कामाला येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो १८९२ मध्ये मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला वर एक तास. दहा-बारा किलोमीटरची धार आणि सहा-सातशे मीटर चढ असेल तर या हिशेबानं साडेतीन तास होतात. राजगड-तोरण्याच्या टप्प्याला आपल्याकडचे भटके सहा ते आठ तास धरतात. हा फरक आळसाचा नाही. नेस्मिथच्या हिशेबात उतार फुकट आहे. सह्याद्रीत तो चढाइतकाच खातो. नोव्हेंबर-डिसेंबरात वाळलेलं गवत धारेच्या उतारावर आडवं पडतं आणि त्याच्यावरून बूट तेलावरून सरकावा तसा सरकतो. गवताखाली मुरमाचा घसारा असतो. आधाराला कारवीची दांडी धरावी तर कोणती जिवंत आणि कोणती नुसती उभी, हे हातात येईपर्यंत कळत नाही. पाठीवर ओझं आणि पुढे कुणी नाही, अशा वेळी माणूस प्रत्येक पाऊल तपासून टाकतो, आणि टाकावंच. तेव्हा नेस्मिथचा आकडा दुप्पट करावा. डिसेंबरच्या अखेरीस पुण्याच्या आसपास दिवस जेमतेम अकरा तासांचा. सकाळी सातला उजेड, सहाला सूर्यास्त. त्यातून जेवण, पाणी भरणं, वाट शोधणं वजा करा. चालायला आठ तास उरले तर नशीब.

पाण्याचा हिशेब याच्याच शेजारी मांडावा. राजगडावर आणि तोरण्यावर टाकी आहेत, भट्टीत गाव आहे. मधल्या धारेवर सावली कमी आणि पाणी नाहीच असं धरून निघावं. तीन-चार लिटर म्हणजे तीन-चार किलो, आणि हे ओझं कोणत्याही हलक्या तंबूनं भरून निघत नाही. नकाशातलं टाकं वर्षभर नकाशातच असतं. एप्रिलमध्ये त्याच्या तळाशी काय असेल ते टाकंच जाणे. म्हणून पाण्याची नोंद महिन्यासकट करायची. आणि उन्हाळ्यात ही वाट पूर्ण करायचीच असेल तर एक लक्षात घ्यावं: नाळांची तोंडं पश्चिमेला आहेत, दुपारनंतर सगळं ऊन त्यांत ओततं आणि दगड तापलेले राहतात.

हे सगळं गोळा झालं की कागद तयार होतो. एकच पान, पाच रकाने. जागेचं नाव, तिथून पुढे निघायची शेवटची वेळ, तिथलं पाणी, तिथून उतरायची वाट आणि खाली एसटी कुठली, मुक्कामी की शेवटची, जवळचं सरकारी रुग्णालय. शेवटचा रकाना लोक गाळतात. कोकणातल्या दगडगोट्यांत फुरसं असतं, आणि ते चावल्यावर पोचायचं कुठे हे शोधायची वेळ ती नव्हे. मोहरीच्या ओळीत वेळेचा आकडा ठळक असावा: बारानंतर नाळेत उतरायचं नाही. सव्वाबारा वाजले असतील आणि पाय ठणठणीत असतील तरी नाही. आकडा घड्याळाचा असावा, मनाचा नसावा. ‘दमलो तर थांबेन’ असं लिहिलेला माणूस दमल्यावर थांबत नाही, त्याला फक्त आपण दमलेलो नाही असं वाटू लागतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो भटकंतीच्या आत्म्याचा: सगळं कागदावर ठरवलं तर भटकणं कसलं? आक्षेपात तथ्य आहे, पण तो चुकीच्या आखणीला लागू होतो. किती वाजता चहा, किती वाजता फोटो, कोणत्या दगडावर विश्रांती, अशी आखणी खरोखर दिवस मारून टाकते. मी म्हणतो त्या कागदावर फक्त नकार लिहिलेले असतात. त्यांच्या आतला सगळा वेळ मोकळा. तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळापाशी तीन तास बसून राहावंसं वाटलं तर बसावं. दुसऱ्या दिवशी मोहरीतून परत फिरावं लागेल एवढंच, आणि ते आधी माहीत असल्यामुळे बसणं निवांत होतं.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. जीपीएस आहे, ट्रॅक उतरवून घेतलेला आहे, नकाशा ऑफलाइन आहे, मग कागद कशाला? ट्रॅक जरूर घ्यावा. पण उपग्रह तुम्ही कुठे आहात ते सांगतो. पुढे जावं की नाही हे त्याला विचारता येत नाही. त्यात नाळेसारख्या अरुंद जागी कातळावरून आपटून येणारे सिग्नल जागासुद्धा चुकीची दाखवतात. परदेशातले एकटे चालणारे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र सॅकला अडकवतात. भारतात परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावर ते सापडलेल्या परदेशी पाहुण्यांवर कारवाई झालेली आहे. उरतो साधा फोन आणि त्याची रेंज. रेंजच्या भरवशाचं काय होतं याचं एक दुःखद उदाहरण अमेरिकेतलं आहे. ॲपलाचियन ट्रेल ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची वाट झाडांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांनी टोकापासून टोकापर्यंत खुणावलेली आहे. २०१३च्या जुलैत मेन राज्यात एकटी चालणारी एक अनुभवी बाई नैसर्गिक विधीसाठी वाटेवरून बाजूला झाली आणि तिला वाट परत सापडली नाही. तिनं फोनवरून पाठवू पाहिलेले संदेश गेलेच नाहीत. रेंज मिळावी म्हणून ती उंचावर सरकत राहिली. तिचा नवरा पुढच्या ठरलेल्या जागी गाडी घेऊन थांबलेला होता, शोधही मोठा झाला. ती तीन आठवड्यांहून अधिक काळ जिवंत होती, हे तिच्या वहीवरून कळलं. अवशेष मिळाले २०१५च्या ऑक्टोबरात, वाटेपासून सुमारे तीन किलोमीटरवर. पट्ट्यांनी रंगवलेल्या वाटेवर हे घडतं. आपल्या पठारांवर तर ढोरवाटांचं जाळं असतं, दर दहा पावलांवर फाटा, आणि प्रत्येक फाटा मळलेला. तिथे वाट हरवली की शेवटच्या खात्रीच्या जागी मागे यायचं, पुढे शोधत जायचं नाही, हाही नकार कागदावर आधीच लिहिलेला हवा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: वाडीवर विचारावं की, त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत? खरंच आहे. धनगरवाड्यावरच्या मावशींचं एक वाक्य दहा ट्रॅकच्या तोडीचं असतं. फक्त विचारायची पद्धत बदलावी. ‘वाट आहे का?’ याचं उत्तर नेहमी ‘हाय की’ असंच येतं, कारण त्यांच्या पायांना ती आहे, आणि ‘किती लांब?’ याचं उत्तर ‘हे काय, हितंच’. त्याऐवजी ‘अलीकडे तिकडून कोण गेलं होतं, कधी?’ असं विचारावं. दिवाळीनंतर कुणीच गेलेलं नसेल तर गवत माजलेलं आहे आणि पावसानं काय वाहून नेलंय ते कुणी पाहिलेलं नाही. शिवाय रस्ते झाल्यापासून कोकणात बाजाराला नाळेनं उतरणारी माणसं कमी झाली. जुन्या घाटवाटा तरुण पोरांपेक्षा म्हाताऱ्यांना माहीत, आणि म्हाताऱ्यांना त्या वीस वर्षांपूर्वीच्या आठवतात. वाड्यासुद्धा वर्षभर भरलेल्या नसतात. शाळा, मजुरी, जनावरांचा चारा यांमागे माणसं खाली जातात. विचारायला कुणी असेलच, यावर बेत उभा करू नये.

चौथा आक्षेप घरचे घेतात: एकटं जावंच कशाला? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि ते द्यायचा आवही आणू नये. एकट्याला पाय मुरगळला तर साधी अडचण संकट होते, हे नाकारता येत नाही. म्हणून काही वाटा एकट्याच्या नाहीतच. मदनगडाला दोर लागतो, आणि दोर लागतो तिथे दुसरा माणूस लागतो. बोराट्याची नाळ पहिल्यांदा एकट्यानं करू नये. एकदा कुणाबरोबर उतरून मग हवं तर एकट्यानं. कोयनेच्या जंगलात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि वासोट्यावर मुक्काम करता येत नाही, तेव्हा सह्याद्रीची मुख्य धार सलग चालायचं स्वप्न तिथे तुटतं. ते तुटू द्यावं. ज्या आखणीतून एकही वाट गळत नाही ती आखणी केलेलीच नाही. हे केल्यावर जो धोका उरतो तो मान्य करून निघायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र त्यातला काही भाग घरी थांबणाऱ्यावर पडतो, आणि त्याची सोय करणं हे निघणाऱ्याचं काम.

सोय म्हणजे कागदाची दुसरी प्रत. ती शांत डोक्याच्या माणसाकडे द्यावी. आई हे त्यासाठी बहुधा योग्य नाव नव्हे. ‘रोज फोन करीन’ असं कबूल करू नये, कारण रेंज नसलेली एक संध्याकाळ घर जागवते, आणि अशा दोन संध्याकाळी गेल्या की तिसऱ्या, खऱ्या संध्याकाळी कुणी घाबरत नाही. त्याऐवजी दोनच वेळा लिहून द्याव्यात. मोहरीतून नाळेत उतरण्याआधीचा निरोप: रेंज मिळाली तर फोन, नाहीतर गावात कुणाला तरी सांगून ठेवलेला, आणि ज्याला सांगायचं त्याचा नंबर आधीच कागदावर. दुसरी वेळ कोकणात पोचल्याची, रात्री नऊ. नऊला फोन नाही आला तर काही करायचं नाही, कारण नऊपर्यंत उशीर होऊ शकतो आणि रात्री नाळेत शोधायला कुणाला उतरवू नये. सकाळी सातपर्यंत नाही आला तर आधी ११२ आणि मग महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन. हे गिर्यारोहकच आहेत, स्वयंसेवक आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न ‘शेवटचं कुठे होता आणि पुढे कुठल्या वाटेनं जाणार होता’ हाच असणार. सिंगापूरची नाळ की बोराट्याची, एवढं जरी कागदावर स्पष्ट असलं तरी शोधणाऱ्यांचा अर्धा दिवस वाचतो. म्हणून ऐनवेळी नाळ बदलायची नाही. बदलायचीच असेल तर मोहरीतच मुक्काम करायचा, घरी निरोप पोचवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं.