काकू विचारतात, काय झालं अर्जाचं?

काल काकूंनी पुन्हा विचारलं, "काय रे, दिल्लीहून काही आलं का?"

थोरले काका १९७१च्या डिसेंबरात लढाईत गेले. त्यांचं नाव ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’मध्ये आलं. म्हणजे पदकाच्या फितीवर कमळाच्या पानाचं एक छोटं चिन्ह. काकूंचं म्हणणं एकच, वीरचक्र मिळायला हवं होतं. वर्षभर मी अर्ज करतोय. उत्तर ठरलेलं: नवा पुरावा असेल तर पाठवा.

ऑस्ट्रेलियाच्या नौदलात टेडी शीन नावाचा १८ वर्षांचा पोरगा होता. १९४२ साली जहाज बुडत असताना तो तोफेला स्वतःला बांधून जपानी विमानांवर मारा करत राहिला. त्यालाही तेव्हा फक्त ‘मेन्शन’च मिळालं. भाचा वर्षानुवर्षं भांडला. सरकारने नकारही दिला. शेवटी पुरावे पुन्हा तपासले गेले आणि २०२० मध्ये, ७८ वर्षांनी, व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. वाचलेल्या खलाशांनी पाहिलेलं सांगून ठेवलं होतं, म्हणून हे जमलं.

आमच्याकडे तेच नाही. काकांच्या तुकडीतल्या एका जवानाचा पत्ता गेल्या पावसाळ्यात लागला. शेजारच्याच तालुक्यात. पोचलो तेव्हा त्यांचं तेरावं होऊन गेलं होतं. वीस वर्षं जगाच्या बातम्या लिहितोय, आणि ही एक मुलाखत राहून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात, गल्लीत ६५चे, ७१चे जवान असतील. आजच बसा त्यांच्याजवळ. लिहून घ्या, खाली सही घ्या, तारीख टाका.

काकूंना मी म्हटलं, "अजून नाही आलं." त्या म्हणाल्या, "बरं. परत लिही."